नावाखालची ओळ

मी लग्न होऊन वालूरला आले तेव्हा आधी भिंती ओळखीच्या झाल्या, माणसं नंतर. सेलूकडून गावात येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांवर, गोठ्यांवर, शाळेच्या कंपाउंडवर चहा, साबण, सिमेंट, बियाणं, पाइप असं काय काय रंगवलेलं असायचं. कंपन्या निरनिराळ्या, पण अक्षर एकच. ‘क’चं पोट जरा फुगलेलं आणि वरची रेघ उजव्या टोकाला किंचित चढलेली. मी सासऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, “आपल्या शेजारचा गंगाधर पेंटर हाय तो. पण नुसतं अक्षर बघू नको. खाली ओळ हाय का न्हाई ते बघत जा.”

त्या ओळीचा अर्थ कळायला मला वर्षभर लागलं. तोवर सासऱ्यांचं किराणा दुकान हळूहळू माझ्याकडे आलं होतं आणि पेंटरमामा माझं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक होऊन बसले होते.

उंच, वाळका माणूस. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथं दोरा बांधून तो कानाला अडकवलेला. नखांच्या कडांना निळा-लाल रंग कायम, पण पांढऱ्या शर्टावर एक ठिपका दिसायचा नाही. दुकानात आले की वरचा पुडा कधी घ्यायचे नाहीत. खालून तिसरा काढायला लावायचे. तो घेऊन पायरीवर उन्हात जायचे आणि पाठीमागची बारीक अक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे. मागे चार गिऱ्हाइकं खोळंबली तरी त्यांना घाई नसे.

“मामा, तेच हाय. मागच्या महिन्यात नेलं होतं तेच,” मी म्हणायची.

“तेच हाय असं तू म्हणायलीस. पुडा काय म्हणतो ते बघू दे.”

घरी त्यांनी रिकामे पुडे जपून ठेवलेले होते. एकदा बिस्किटाचा जुना पुडा घेऊनच आले. दुकानातला नवा पुडा त्याच्या शेजारी ठेवला. रंग तोच, चित्र तेच, लांबीही दिसायला तेवढीच. मग दोन्हींच्या पाठीमागचं वजन वाचून दाखवलं. नव्यात दहा ग्रॅम कमी होतं. “भाव वाढवला असता तर माणूस भांडला असता,” ते म्हणाले. “म्हणून पोटातून काढायलेत.” मी स्वतः दुकानदार, माझ्या हातून तसले शेकडो पुडे गेलेले, आणि माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवसापासून मीही खोकी उघडली की आधी पाठीमागचं वाचायला लागले.

तर ती ओळ. भिंत रंगवायचं काम आलं की कंपनीचा माणूस कागदावर दोन गोष्टी लिहून द्यायचा. वर वस्तूचं नाव आणि खाली तिचे गुण. ‘कपडे चमकतील’, ‘पिढ्यान्‌पिढ्या टिकेल’, ‘एका घोटात तरतरी’. पेंटरमामा नाव कोणाचंही लिहायचे. पण खालची ओळ लिहायच्या आधी ती वस्तू घरी आणून महिनाभर वापरायचे. पटली तर ओळ लिहायची, नाही पटली तर नुसतं नाव. कंपनीच्या माणसाला ते आधीच सांगून टाकायचे. काही जण हसून कबूल व्हायचे, काही जण काम काढून घ्यायचे.

याचा त्रास सगळ्यात जास्त त्यांच्या बायकोला, मथुरामामींना. “आमच्या घरात दोन महिने सलग एका चवीचा चहा कोणी पिला न्हाई,” त्या सांगायच्या. घरासमोरच्या पायऱ्या चार होत्या आणि चारही वेगवेगळ्या सिमेंटच्या. तिसरी पायरी पावसाळ्यानंतर पोपडे सोडून बसली. त्या सिमेंटचं नाव आसपासच्या सहा गावांत मामांच्या हातचं होतं, पण सगळीकडे नुसतं नाव.

लोकांनी ही खूण ओळखली होती. घर बांधायला काढलेला माणूस आधी भिंती बघत हिंडायचा. माझ्या दुकानात येऊन बायका सरळ सांगायच्या, “पेंटरनं ज्याच्याखाली लिवलंय तो साबण दे.” टीव्हीवर कितीही गोरी बाई फेसात नाचली तरी शेवटचा शब्द भिंतीचा असायचा. मला तेव्हा याचं कौतुक वाटायचं, आणि खरं सांगते, थोडा संशयही यायचा. एवढा भरोसा एकाच माणसावर असेल तर त्याला कोणी ना कोणी गाठणारच. कोणी गाठलं तर आपल्याला कळणार कसं?

एकदा कळलं. पण मला वाटलं होतं तसं नाही.

प्लास्टिकच्या बादल्यांची एक कंपनी होती. मामांनी बादली महिनाभर वापरली. विहिरीत सोडली, उन्हात ठेवली, मामींना तिच्यावर उभं केलं. मग सात गावांत नाव लिहिलं आणि खाली एकच शब्द, ‘अतूट’. वर्ष-दीड वर्ष बादल्या चांगल्या निघाल्या. मग कंपनीनं गुपचूप माल पातळ केला. लोक चिरलेल्या बादल्या घेऊन माझ्याकडे यायला लागले. दुकानात येतात तसेच ते मामांच्या दारातही गेले. मामांनी नवी बादली विकत आणली, जुनीच्या शेजारी उन्हाकडे धरली. नवीतून पलीकडचा हात दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सायकलीला चुन्याचा डबा बांधून ते निघाले. सातही गावांत जाऊन ‘अतूट’ तेवढं पुसलं. नावाला हात लावला नाही.

आठवड्याभरात कंपनीचा माणूस आला. मामा घरी नव्हते म्हणून माझ्या दुकानात बसून राहिला. मामा आल्यावर त्यानं आवाज चढवला. “भिंतीचं भाडं आमी देतो. तुमाला पुसायचा काय हक्क?”

“भिंत तुमची हाय,” मामा म्हणाले. “म्हणून नाव ठेवलं की. अतूट मी म्हणलं होतं. आता मी म्हणत न्हाई.”

“तुमाला परत काम मिळणार न्हाई.”

“बरं.”

एवढंच बोलून ते चष्म्याचा दोरा नीट करत घरी गेले. त्या माणसानं धमकी दिल्याप्रमाणे त्यांना खरंच तीन-चार कंपन्यांनी काम दिलं नाही.

पुढं तर कामच संपलं. फ्लेक्स आले. परभणीहून रात्रीतून छापून यायचे, त्यावर माणसांचे चेहरे, आणि गुणांच्या एका ओळीच्या जागी दहा ओळी. मामांकडे शाळेच्या भिंतीवरचे पाढे आणि देवळाची पाटी एवढं उरलं. मग फोन आले आणि दुकानातलं बोलणंच बदललं. पूर्वी गिऱ्हाईक मला विचारायचं, “चांगलं हाय का?” आता वस्तू हातात घेऊन फोनमध्ये बघायचं. आमच्या गल्लीतली पूजा, सेलूच्या कॉलेजात जाणारी, ती शाम्पूची बाटली फोनसमोर धरायची आणि माझ्या तोंडावर सांगायची, “काकू, याला तीनच स्टार हायत.” पार्सल आलं की ती आईला फोन धरायला लावायची आणि शूटिंग चालू ठेवून खोकं फोडायची, म्हणजे आत दुसरंच काही निघालं तर पुरावा असावा. सगळ्या गावाची ती रीत झाली. आपल्याच घरात आलेलं खोकं उघडताना माणसं चोर पकडायला बसल्यासारखी बसायची.

मामांना या स्टारचं फार कुतूहल. एकदा त्यांनी पूजाला दुकानात थांबवलं.

“हे स्टार कोण देतं?”

“लोकच देतात, मामा. वापरलेले लोक.”

“कोणत्या गावचे?”

“गाव नसतं त्यात. नाव असतं. हे बघा.”

मामांनी चष्मा वर करून वाचलं. “याचं नाव युजर हाय. खालच्याचं बी युजरच. कोणाचे हे? यांच्या घरी जाऊन बादली बघता येती का?”

पूजा हसली. मामा हसले नाहीत. “एकाच हातानं लिवल्यासारखं दिसायलंय,” म्हणाले. “सगळ्यांनी ‘खूपच छान’ म्हणलंय, आणि चूक बी सगळ्यांनी तीच केलीय.” आम्ही दोघींनी पाहिलं. खरंच, सगळीकडे ‘खुपच’ ऱ्हस्व होतं.

मागच्या उन्हाळ्यात दोन तरुण मुलं गाडी घेऊन त्यांच्याकडे आली. हातात काठीला लावलेला फोन. जुन्या कलाकारांवर काहीतरी करायलोय, म्हणाली. मामांना फार बरं वाटलं असणार. दुपारभर ते ओट्यावर बसून बोलत होते, मला दुकानातून दिसत होतं. ब्रश काढून दाखवले, भिंती दाखवायला गावभर फिरवलं. जाताना त्या मुलांनी गुडघ्याच्या तेलाची एक बाटली त्यांच्या हातात ठेवली. तेवढं मी बघितलं. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही.

दहा-बारा दिवसांनी पूजानं मला व्हिडिओ दाखवला. मामा ओट्यावर बसलेत, हातात ती बाटली. ते म्हणतात, “मी वापरल्याशिवाय कोणाला सांगत न्हाई. चाळीस वर्षं हेच केलं.” मग बाटलीचं चित्र. मग पुन्हा मामा: “लय चांगलं हाय.” खाली नंबर.

गावोगावच्या फोनमध्ये तो गेला. ज्यांनी मामांच्या भिंती वाचून घरं बांधली होती त्या सगळ्यांचे गुडघे आता दुखत होते. लोक माझ्याकडे ‘पेंटरचं तेल’ मागायला लागले. आठ दिवसांत एक एजंट तेलाची खोकी घेऊन दारात हजर. मी दोन खोकी ठेवून घेतली.

तेव्हा माझ्या मनात काय होतं ते लिहायला हवं. त्याच आठवड्यात मामांच्या घरी नवा कूलर आला होता. मी तो कूलर बघितला, व्हिडिओ बघितला आणि मनात दोन्हीची गाठ मारली. म्हटलं, म्हातारपणी गाठलंच शेवटी कोणीतरी. गल्लीतही तीच कुजबुज होती. मामांना कोणी विचारलं नाही. मीही नाही. ते दुकानात येऊन नेहमीसारखा खालचा तिसरा पुडा मागत होते आणि मला ते आता नाटक वाटत होतं.

गावाबाहेरच्या माळावर मेंढरं राखणारं एक कुटुंब राहतं. त्यातल्या गयाबाई एक दिवस काठी टेकत मामांच्या दारात आल्या. लुगडं गुडघ्याच्या वर सरकवून त्यांनी पाय दाखवले. दोन्ही गुडघ्यांवर फोड उठून फुटले होते, कातडी लाल झाली होती. त्या ओरडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. “तुमच्या शब्दावर लावलं, मामा,” एवढंच म्हणाल्या.

“माझा कोणता शब्द?”

मामांचा फोन साधा, बटणांचा. गावानं तो व्हिडिओ शंभरदा पाहिला होता आणि त्यांनी एकदाही नाही. मी दारात धावत गेले होते. माझ्याच फोनवर त्यांना तो दाखवला.

त्यांनी तो तीनदा बघितला. दुकानातला पुडा वाचायचे तसाच, उन्हाकडे वळून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग फोन परत दिला.

“हा मीच हाय,” म्हणाले. “बोललो बी मीच. पण असं मी बोललो न्हाई. चांगलं हाय म्हणलं ते जुन्या ब्रशला म्हणलं होतं. बाटलीचं म्हणलं होतं, महिनाभर लावून बघतो, मग सांगतो. ती बाटली अजून फळीवर तशीच हाय.”

मथुरामामींनी आतून बाटली आणली. सील फोडलेलं नव्हतं.

गयाबाईंना मामी आत घेऊन गेल्या, पाय धुवायला. ओट्यावर आम्ही दोघंच उरलो. मामांनी माझ्याकडे बघितलं.

“सुनबाई, तू बघितला व्हतास हा पिच्चर?”

“बघितला होता.”

“तुला काय वाटलं?”

खोटं बोलता आलं असतं. पण त्यांच्यासमोर ते जमलं नाही. “मला वाटलं, तुमी कंपनीचे झालात. कूलर आला म्हणून.”

“कूलर पोरीनं पाठवला. परभणीहून.” त्यांनी मान हलवली. राग दिसला नाही. मग म्हणाले, “मी विकला गेलो असं तुला वाटत व्हतं. मग ते तेल तू कामून विकलंस?”

लोक मागत होते म्हणून, एवढंच उत्तर होतं माझ्याकडे. त्या दिवशी दोन्ही खोक्यांत उरलेल्या बाटल्या मी दुकानातून उचलून मागच्या खोलीत टाकली. गयाबाईंना सेलूच्या दवाखान्यात मीच घेऊन गेले.

व्हिडिओखालचा नंबर लागत नव्हता. पूजानं फोनवरूनच व्हिडिओची तक्रार केली. दोन दिवस व्हिडिओ दिसेनासा झाला आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच नावानं परत आला. मग मामांनी त्यांना येत होतं ते केलं. स्वतःच्या घराची रस्त्याकडची भिंत चुन्यानं पांढरी केली आणि तिच्यावर लिहिलं. अक्षर तेच. ‘गुडघ्याच्या तेलाबद्दल फोनवर मी जे बोलताना दिसतो ते कापून जोडलेलं आहे. मी ते तेल वापरलेलं नाही. कोणी माझ्या नावावर घेऊ नये.’ खाली स्वतःचं नाव.

मला वाटलं, आता मिटलं. गाव या माणसाच्या भिंतीवर चाळीस वर्षं विसंबलं होतं. लोक आले, उभे राहिले, वाचलं. काहींनी फोटो काढले. संध्याकाळी दुकानात दोघं जण बोलत होते. एक म्हणाला, “आता दुसऱ्या कंपनीनं रंगवून घेतलं वाटतं.” दुसरा म्हणाला, “तर काय. फुकट कोण भिंत रंगवतं आजकाल?”

मामा पायरीवर बसलेले होते. पुडा हातात होता. त्यांनी ऐकलं, मला दिसलं. मला वाटतं, बादलीवाल्या माणसापुढे ते जेवढे ताठ होते त्याच्या निम्मेही त्या क्षणी नव्हते. गिऱ्हाइकांचं तरी काय चुकलं? त्यांच्यापैकी एकाला फोनवरून मागवलेल्या मिक्सरच्या खोक्यात वीट आली होती. माझ्याही डोक्यात तसलाच विचार येऊन गेला होता, आणि मी तर शेजारी राहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात आले. “कोणी कोणी ते तेल नेलं, आठवतं का तुला?”

मला आठवत होतं. वालूरचे सगळे, आणि शेजारच्या गावांतले बरेच. मी सांगत गेले, ते वहीत लिहीत गेले. मग दुकान मामींच्या ताब्यात देऊन मी त्यांच्याबरोबर निघाले. पहिलं ठिकाण गयाबाईंचा तळ. जखमा भरत आल्या होत्या. मामांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती मुलं कशी आली, काय विचारलं, आपण काय बोललो. न फोडलेली बाटली दाखवली. गयाबाई ऐकत होत्या, मधे मधे मेंढराला हाक मारत होत्या.

शेवटी म्हणाल्या, “मग आमी भरोसा ठेवायचा कोणावर?”

“माझ्यावर बी ठेवू नका,” मामा म्हणाले. “काही बी आणलं तर आधी मनगटावर थेंबभर लावा. एक दिवस थांबा. मग गुडघ्याचं बघा.”

गयाबाईंनी त्यांना दूध दिलं. मामांनी पेला नाकाशी नेला, वास घेतला, मग त्यांच्या लक्षात आलं की त्या बघतायत. ओशाळून पिऊन टाकलं. गयाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. त्या पंधरवड्यात मी मामांना हलकं झालेलं बघितलं ते तेवढंच.

पहिले तीन दिवस मी बरोबर होते. नंतर ते एकटेच जायला लागले. कुठं लोक बसवून घ्यायचे, चहा द्यायचे. कुठं दारातूनच “बरं बरं” म्हणायचे. एका घरात तरण्या पोरानं त्यांना तोंडावर विचारलं, “हे सांगत फिरायला तुमाला कोण पाठवलंय?” ते मला त्यांनीच येऊन सांगितलं. वहीतल्या त्या नावापुढे त्यांनी खूण केली नव्हती. “त्याच्याकडे परत जावं लागंल,” म्हणाले.

दिवाळीनंतर मथुरामामींची तब्येत बिघडली आणि मुलीनं दोघांना परभणीला नेलं. घराला कुलूप लागलं. मी मामांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर महिन्याभरानं, देवगाव फाट्यावर.

मी माहेरहून परत येत होते. आमची जीप माणसं भरायला थांबलेली. पलीकडे, रस्त्याच्या त्या बाजूला, मामा परभणीकडच्या बसची वाट बघत उभे होते. मुलीकडून इकडं कशासाठी आले असतील ते मला त्यांच्या काखेतली वही बघून कळलं. मी हाक मारणार, एवढ्यात एक माणूस मोटारसायकल थांबवून त्यांच्याजवळ गेला. अनोळखी होता. मामांकडे निरखून बघत म्हणाला, “तुमी ते तेलवाले काका ना? फोनवर येतात ते?”

मामा म्हणाले, “व्हय, तोच.”

त्या माणसानं लगेच खिशातून फोन काढून त्यांच्यासमोर धरला. मामांनी हात पुढे केला आणि फोनवर तळहात ठेवला, हळूच, एखाद्या पोराच्या हातातली वस्तू खाली घ्यावी तसा. “आधी हे खिशात ठेवा,” म्हणाले. “मग सांगतो.”

तो जरा घुटमळला. मग त्यानं फोन ठेवला.

परभणीची बस आली. कंडक्टरनं दोनदा हाक दिली. मामांनी न बघताच हात हलवून तिला जायला सांगितलं आणि बोलायला सुरुवात केली. “मागच्या उन्हाळ्यात दोन पोरं आली व्हती,” एवढं मला ऐकू आलं. मग आमची जीप सुटली. मी मागच्या काचेतून बघत राहिले. मामा ओंजळीत बाटली धरल्यासारखे हात करून काहीतरी समजावत होते. तो माणूस मोटारसायकलला टेकून, हाताची घडी घालून, डोळे बारीक करून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्याला पटत होतं की नव्हतं, ते मला कळलं नाही. पण तो अजून गेला नव्हता.